'सेर्रा' म्हणालात खरं, पण जोर कुठे दिलात?

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या बाई नाशिकच्या, वय ४७, योगशिक्षिका. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी साडेसहाला त्या ऑनलाइन वर्ग घेतात. विद्यार्थी अकरा, सगळे स्पॅनिश बोलणारे. कुणी मेक्सिको सिटीत सकाळी सातला चटई अंथरतं, कुणी ब्युनोस आयर्समध्ये दहाला, तर माद्रिदचे तिघे हिवाळ्यात दुपारी दोनला, जेवणाआधी. सुरुवातीला वर्ग इंग्रजीत चाले. मग विद्यार्थ्यांच्या मायेपोटी बाई दीड वर्ष शिकवणी लावून स्पॅनिश शिकल्या. आता गप्पा होतात, चौकश्या होतात, पण वर्ग सुरू झाला की आज्ञार्थापाशी गाडी अडते. काही क्रियापदांच्या पोटातला स्वर बदलतो आणि तो कधी बदलायचा हे ऐनवेळी आठवत नाही. स्क्रीनशेजारी ६२ क्रियापदांची यादी चिकटवली आहे, तरी चुका होतातच. मागच्या आठवड्यात 'डोळे मीट' म्हणताना 'सिएर्रा'ऐवजी 'सेर्रा' तोंडून गेलं. मेक्सिकोच्या विद्यार्थिनीला हसू फुटलं, पण ब्युनोस आयर्सचे गृहस्थ म्हणाले, "बरोबरच तर आहे!" बाई आणखीच गोंधळल्या. त्यात माद्रिदचे एक विद्यार्थी सत्तरीचे. त्यांना 'तू' म्हणून हुकूम सोडायला जीभ रेटत नाही. मुलगी म्हणते, "आई, परत इंग्रजीवर ये." बाईंचा प्रश्न असा की या वयात पाठांतर होत नसेल तर हा हट्ट सोडावा का?

नमस्कार ताई,

ब्युनोस आयर्सच्या त्या गृहस्थांपासूनच सुरुवात करू या. तुम्ही 'सेर्रा' म्हणालात तेव्हा जोर 'सेर्'वर दिलात की 'रा'वर? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. लिहायचं सुचलंही नसेल, कारण शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला याने मराठीत अर्थ बदलत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर तिथेच दडलेलं आहे. जोर 'सेर्'वर पडला असेल तर ते कुठल्याच देशात चालणार नाही. 'रा'वर पडला असेल तर ब्युनोस आयर्समध्ये सगळेच तसं म्हणतात. म्हणजे ते गृहस्थ तुमची समजूत काढत नव्हते, खरं तेच सांगत होते.

तुमच्या यादीचा फोटो मी नीट पाहिला. अक्षर सुंदर आहे. वर लाल शाईत 'अनियमित क्रियापदे' असं लिहिलंय आणि खाली सगळं देवनागरीत. माझे आक्षेप या दोन्हींवर आहेत. 'अनियमित' हा शब्द डोक्यात बसला की माणूस घोकायला बसतो, आणि देवनागरीत लिहिलं की स्पॅनिशमधली जोराची खूण, स्वराच्या डोक्यावरची ती तिरकी रेघ, गळून पडते. तुमच्या यादीतून नेमकी तीच एक गोष्ट नाहीशी झाली आहे जिच्यामुळे यादीची गरज पडली नसती.

घडलं असं. लॅटिनमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' होते. लॅटिनची स्पॅनिश होता होता, जोर असलेल्या अक्षरातले हे स्वर फुटले. 'ए'चा 'इए' झाला, 'ओ'चा 'उए'. जिथे जोर नव्हता तिथे ते जसेच्या तसे राहिले. म्हणून जमीन 'तिएर्रा', पण जमिनीचा तुकडा 'तेर्रेनो'. दार 'पुएर्ता', पण दारवान 'पोर्तेरो'. सात 'सिएते' आणि सत्तर 'सेतेन्ता', नऊ 'नुएबे' आणि नव्वद 'नोबेन्ता'. हे आकडे तुम्ही पहिल्या महिन्यात शिकलात, तेव्हा कुणी त्यांना अनियमित म्हणालं नाही. तुमच्या वर्गातलंच उदाहरण घ्या. शरीर म्हणजे 'कुएर्पो' आणि शारीरिक म्हणजे 'कोर्पोराल'. जोर पुढच्या अक्षरावर सरकला आणि 'उए' पुन्हा मिटून 'ओ' झाला.

क्रियापदांत हेच चालतं. 'सेर्रार' म्हणजे मिटणं. यात जोर शेवटच्या 'रार'वर आहे, म्हणून मुळातला 'ए' शांत. एका माणसाला 'मीट' म्हणताना जोर मुळावर येतो, की लगेच 'सिएर्रा'. 'सोल्तार' म्हणजे सैल सोडणं, त्याचं 'सुएल्ता'. 'बोल्बेर' म्हणजे परत येणं, त्याचं 'बुएल्बे'. तबल्याच्या साथीला कधी बसला असाल तर असं म्हणेन की ज्या अक्षरावर सम येते तिथेच स्वर उमलतो. सम हलली की तो मिटतो.

हे परकं वाटत असेल तर आपल्या घरात पाहा. आपण 'मूल' म्हणतो, पण 'मुलाला'. 'मीठ', पण 'मिठात'. 'फूल', पण 'फुलांचा'. प्रत्यय लागला, शब्द लांबला आणि आधीचा दीर्घ स्वर आखडला. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला याचा नियम सांगितला असेल, पण तुमची जीभ त्याच्या आधीपासून 'मिठात'च म्हणत होती. आणि आज्ञार्थच हवा असेल तर आपलं 'दे–द्या', 'घे–घ्या', 'पी–प्या', 'हो–व्हा' आहेच. 'ये'चं 'या' कसं होतं हे तुमच्या माद्रिदच्या आजोबांना पाच मिनिटांत समजावून दाखवा, म्हणजे घाम कुणाला फुटतो ते कळेल!

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्याच 'ए' आणि 'ओ'चं असं होत नाही. 'दोब्लार', म्हणजे गुडघा वाकवतो ते वाकवणं, त्याचं 'दोब्ला'च होतं. 'दुएब्ला' नाही, कारण त्यातला 'ओ' लॅटिनमध्ये मुळात 'उ' होता. तेव्हा कुठलं क्रियापद या घराण्यातलं आणि कुठलं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी नवं क्रियापद कधी एकटं शिकू नका. आपण नवरा-बायकोची नावं जोडीनं लक्षात ठेवतो ना, तसं 'सेर्रार–सिएर्रा', 'मोबेर–मुएबे', 'दोब्लार–दोब्ला' असं जोडीनं शिका. या जोडीतलं दुसरं रूप तुम्हाला आधीच येतं, हा यातला फायदा. 'ती दार लावते' हे तुम्ही 'एया सिएर्रा ला पुएर्ता' असं पहिल्या वर्षीच शिकलात. त्यातली 'ती' काढून टाका, की 'दार लाव' तयार. एकट्याला 'तू' म्हणून सांगायचं होकारार्थी आज्ञारूप म्हणजे हेच 'ती'चं रूप. वेगळं काही शिकायचं नाही.

याला आठ छोटे अपवाद आहेत: दी, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन. सांग, कर, जा, ठेव, बाहेर नीघ, हो, धर, ये. तुमच्या कामाचे यातले दोनच. ठेव म्हणजे 'पोन', आणि 'तेन'चा भाऊ 'मान्तेन', म्हणजे आसन टिकवून धर. 'ती टिकवते' हे 'मान्तिएने' असलं तरी 'टिकव' म्हणताना 'मान्तेन'च. (नकारार्थी आज्ञा वेगळ्या रूपात जाते, पण त्याचं नवल तुम्हाला वाटायला नको. आपलंही 'बस' आणि 'बसू नकोस' कुठे एकसारखं आहे?)

तुमच्या ६२ क्रियापदांत 'कबूल करणे', 'नाकारणे', 'शिंपणे' अशीही आहेत. योगवर्गात विद्यार्थ्याला काही कबूल करायला लावायचं आहे का? तासाभराच्या वर्गात तुम्ही नेमकं काय काय सांगता ते मी कागदावर मांडून पाहिलं. श्वास घे, सोड, उचल, खाली आण, वळ, टेकव, ताण, शिथिल कर – यातलं बहुतेक सगळं न बदलणाऱ्या क्रियापदांनी होतं. स्वर बदलणारी डझनभर निघतात. बस, मीट, जाणव, पसर, सैल सोड, हलव, परत ये, पुन्हा कर, चालू ठेव, सुरू कर, आडवा हो, आणि शवासनाच्या शेवटी जागा हो. सिएन्ताते, सिएर्रा, सिएन्ते, एक्स्तिएन्दे, सुएल्ता, मुएबे, बुएल्बे, रेपीते, सीगे, एम्पिएसा, आकुएस्ताते, देस्पिएर्ता. एवढीच. उरलेली पन्नास त्या भिंतीवरून आजच काढा.

यात 'रेपीते' आणि 'सीगे' जरा निराळी. यांच्यात 'ए'चा 'इए' न होता सरळ 'ई' होतो: रेपेतीर–रेपीते, सेगीर–सीगे. ही सगळी 'ईर'ने संपणारी क्रियापदं असतात. त्यांचा स्वभाव असा की पुढे लगेच जोराचा 'ई' आला तर आधीचा 'ए' गप्प राहतो (सेगीर), नाहीतर तो स्वतःच 'इ' होतो. म्हणून 'चला, चालू ठेवू या' याचं 'सिगामोस' होतं, जोर 'गा'वर असूनही. सम आणि स्वराचं गणित इथे तंतोतंत जुळत नाही हे मी मान्य करते. पण तुमच्या वर्गातल्या रूपांना त्याने धक्का लागत नाही.

आता त्या सत्तरीच्या आजोबांकडे. 'तू' नको म्हणून आदराचं 'तुम्ही' वापरायचं, म्हणजे 'उस्तेद', तर शेवटचा स्वर उलटतो. 'आर' क्रियापदाचं 'तू' रूप 'आ'ने संपतं आणि 'उस्तेद' रूप 'ए'ने. 'एर' आणि 'ईर'चं याच्या बरोबर उलट. सिएर्रा–सिएर्रे, पण बुएल्बे–बुएल्बा. मुळातला बदल मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण सम हललेली नाही.

या उलटापालटीत एक खड्डा आहे आणि तो नेमका तुमच्या वाटेत आहे. 'सेन्तार' म्हणजे बसवणं आणि 'सेन्तीर' म्हणजे जाणवणं. दोन्हींचं मूळ फुटून 'सिएन्त' होतं, आणि मग शेपटाचा स्वर बदलला की अर्थच बदलतो. 'सिएन्ताते' म्हणजे बस. 'सिएन्तेसे' म्हणजे बसा. पण 'सिएन्तासे' म्हणजे वाटून घ्या, जाणवून घ्या. 'सिएन्तासे कोमो एन सु कासा', म्हणजे आपलंच घर समजा, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. सुरुवातीच्या काळात मी एका वयस्क पाहुण्यांना खुर्ची दाखवून मोठ्या आदरानं 'सिएन्तासे' म्हणाले होते. ते उभेच. मग हसून विचारतात, "कसं वाटून घेऊ? आनंदी की दुःखी?" तेव्हापासून ही जोडी मला कधीच चुकली नाही. लाजेसारखी शिक्षिका नाही. तुमच्या शवासनातही दोन्ही शेजारी शेजारी येतात. आजोबांना 'शरीराचा भार जाणवू द्या' म्हणताना 'सिएन्ता एल पेसो देल कुएर्पो', आणि मेक्सिकोच्या विद्यार्थिनीला तेच 'सिएन्ते एल पेसो देल कुएर्पो'. वाक्य एकच, शेपूट वेगळं.

पण मुळात आजोबांना 'उस्तेद' हवंय का? तुम्ही ते गृहीत धरलंय, आपल्याकडच्या अहो-जाहोच्या हिशेबानं. स्पेनमध्ये 'तू'चा वापर आपल्यापेक्षा कितीतरी सैल आहे. वर्गातले शिक्षक, दुकानदार, शेजारी वयानं मोठ्या माणसालाही सर्रास 'तू' म्हणतात, आणि वारंवार 'उस्तेद' ऐकून एखाद्या आजोबांना उलट आपण फार म्हातारे झालो असं वाटू शकतं. मेक्सिकोत मात्र वडीलधाऱ्यांना 'उस्तेद' म्हटलेलं बरं. कोलंबियाच्या डोंगराळ भागात तर घरातली माणसंही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा विचारावं. स्पॅनिशमध्ये त्यासाठी आयता शब्द आहे, 'तुतेआर', म्हणजे शब्दशः आपलं अरे-तुरे करणं. "नोस तुतेआमोस?" (अरे-तुरे करू या का?) असं हसत विचारलं की झालं. या प्रश्नात अवघडण्यासारखं तिथे काही नसतं. ओळख झाली की लोक स्वतःहून विचारतात.

हुकूम सोडल्यासारखं वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून प्रत्येक वाक्याला 'पोर फाबोर' जोडता. ताई, तुमच्या नाशिकच्या सकाळच्या वर्गात तुम्ही "कृपया श्वास सोडा" म्हणता का? "श्वास सोडा, खांदे सैल, डोळे अलगद मिटा" असंच म्हणता, आणि त्यात कुणालाही दरडावणी ऐकू येत नाही, कारण मार्दव आवाजात असतं. स्पॅनिशमध्येही तसंच. माद्रिदच्या कॅफेत माणूस काउंटरपाशी जाऊन 'पोन्मे उन काफे' म्हणतो, म्हणजे सरळ 'एक कॉफी दे मला', आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. मेक्सिकोत बोलणं जरा जास्त गोड. 'एस्पेरामे तान्तितो', थांब की जरास्सं. ते 'तान्तितो' आपल्या 'जरा'सारखंच काम करतं. दर वाक्याला 'पोर फाबोर' लावलं तर विद्यार्थ्याचा श्वास घेऊन होतो आणि तुमचं वाक्य अजून संपत नाही.

आता प्रश्न मार्गाचा. इंग्रजीवर परत जाणं सोपं आहे, आणि मुलीचं म्हणणं काळजीपोटी आहे हेही कळतं. तरी मी तो सल्ला देणार नाही. शवासनात पडलेल्या माणसाला परकी भाषा ऐकून मनात भाषांतर करावं लागलं तर डोकं शिथिल कुठून व्हायचं? तुमचं मोडकंतोडकं स्पॅनिशही तिथे उजवं ठरेल.

एक पळवाट मात्र आहे आणि ती लाजिरवाणी नाही. स्पॅनिश बोलणारे पुष्कळ योगशिक्षक आज्ञार्थ बाजूला ठेवून 'आपण' वापरतात. 'सेर्रामोस लोस ओखोस', आपण डोळे मिटतो. 'सोल्तामोस लोस ओम्ब्रोस', आपण खांदे सैल सोडतो. 'बोल्बेमोस', आपण परत येतो. नीट ऐका, यात जोर मुळाच्या पुढे सरकला, म्हणून एकही स्वर फुटलेला नाही. तुमची सगळी अडचण एका फटक्यात गेली. अकरा जणांना एकत्र सांगताना हे छान शोभतं, कारण तुम्हीही त्यांच्याबरोबर करत असता. पण कुणा एकीचे खांदे कानापर्यंत चढलेत आणि तुम्हाला फक्त तिलाच सांगायचंय, तिथे 'आपण' लंगडं पडतं. सगळे आपापले खांदे पाहू लागतात आणि जिला सांगायचंय ती सोडून बाकीचे दहा जण दुरुस्त होतात. तिथे नाव घेऊन 'सुएल्ता लोस ओम्ब्रोस'च लागतं. कुणाच्या मानेला ताण बसताना दिसला तर तिथे तर 'आपण'ला वेळच नसतो.

म्हणून मी म्हणेन, गटासाठी 'उस्तेदेस' धरा आणि एकेकाला 'तू'. 'उस्तेदेस' म्हणजे अनेकवचनी तुम्ही. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अनेकांना बोलवायचा तोच एक शब्द, जवळच्यांनाही आणि परक्यांनाही. सिएर्रेन, सिएन्तेन्से, बुएल्बान, सुएल्तेन, रेपीतान, सीगान. 'उस्तेद'च्या रूपाला 'न' जोडला की झालं. स्पेनच्या मुख्य भूमीवर अनेकांना सलगीनं 'बोसोत्रोस' म्हणतात, त्याची रूपं 'सेर्राद', 'बोल्बेद', 'सेन्ताओस'. जोर शेवटाकडे, म्हणून मूळ शांत. ही रूपं तुम्हाला ऐकून कळली तरी पुरे. माद्रिदच्या तिघांना तुमचं 'उस्तेदेस' थोडं औपचारिक वाटेल, एवढंच. स्पेनच्याच कानारी बेटांवर आणि पश्चिम आंदालुसियात रोजच्या बोलण्यात 'उस्तेदेस'च असतं, तेव्हा ते त्यांच्या कानाला अनोळखी नाही. आणि 'बोसोत्रोस'च्या बाबतीत स्पेनचे लोक स्वतः तरी कुठे नियमानं चालतात? 'सेन्ताओस'च्या जागी 'सेन्तारोस' तिथे उठताबसता ऐकू येतं. 'तुम्ही जा' यासाठी 'इरोस' हे रूप तर तिथल्या भाषा अकादमीलाही शेवटी २०१७ मध्ये मान्य करावं लागलं.

राहिले ब्युनोस आयर्सचे गृहस्थ. तिथे 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात. 'बोस'ची आज्ञारूपं त्या 'सेर्राद', 'बोल्बेद'मधला 'द' गळून झालेली. सेर्रा, बोल्बे, सोल्ता, सेन्ताते, आकोस्ताते. जोर शेवटाकडे झुकतो (पहिल्या तिघांत शेवटच्या अक्षरावर, 'सेन्ताते'सारख्यांत 'ता'वर), म्हणून मूळ जराही बदलत नाही. ज्या गोष्टीची तुम्ही दीड वर्ष धास्ती घेतलीत ती त्यांच्या आज्ञार्थात नाहीच! हवं तर त्यांच्यापुरतं 'बोस' वापरा, त्यांना मनापासून आनंद होईल. नाही वापरलं आणि 'सिएर्रा' म्हणालात तरी ते कळतंच. पण 'तू' आणि 'बोस' एकाच वाक्यात कालवू नका. 'सिएन्ताते इ सेर्रा लोस ओखोस' म्हणजे अर्धी साडी नऊवारी नेसल्यासारखं.

अशी पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तंत्रसाहाय्याच्या फोनवर बसणाऱ्यांना 'उस्तेद'शिवाय काही लागत नाही. सिएर्रे ला बेन्ताना (खिडकी बंद करा, म्हणजे स्क्रीनवरची), एन्सिएन्दा (चालू करा), प्रुएबे (करून पाहा), बुएल्बा आ एम्पेसार (पुन्हा सुरू करा), मुएस्त्रेमे (मला दाखवा). यातल्या 'पुन्हा सुरू करा'मध्ये 'बुएल्बा' फुटलंय आणि 'एम्पेसार' नाही, हे ऐकू आलं तर तुम्हाला समजलं. जहाजावरच्या किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणाऱ्यांनी 'सिर्बे', 'मीदे', 'फ्रीए', 'कुएला' एवढी उचलावीत: वाढ, माप, तळ, गाळ. नुसती तीच, संपूर्ण यादी नको.

सरावाचं म्हणाल तर बसून पाठ करू नका. यादी नव्यानं लिहा, बारा जोड्यांची, आणि या वेळी जोराच्या अक्षराखाली ठळक रेघ ओढा. मग संध्याकाळच्या वर्गाआधी दहा मिनिटं स्वतः आसनं करत त्या मोठ्यानं म्हणा, आणि रेघेच्या अक्षरावर मांडीवर थाप द्या. सेर्रार, थाप शेवटी. सिएर्रा, थाप सुरुवातीला. आजोबांसाठीचं 'सिएर्रे', तिथेही सुरुवातीला. ब्युनोस आयर्ससाठी पुन्हा शेवटी. थाप बरोबर पडली की स्वर आपोआप बरोबर येतो, हे तुम्हाला आठवड्याभरात जाणवेल असा माझा अनुभव आहे. आणि वय ४७ म्हणजे काही पाठांतराचं वय उलटलं असंही नाही. बारा सूर्यनमस्कारांचे मंत्र तुम्ही तोंडपाठ म्हणता, क्रमानं, श्वासासकट.

मागच्या आठवड्याच्या वर्गाचं रेकॉर्डिंग असेल तर तो क्षण शोधून ऐका. माझा अंदाज असा की तुम्ही जोर 'रा'वरच दिला होता, कारण मराठी जीभ शेवटच्या दीर्घ 'आ'वर जरा रेंगाळते. काय ऐकू आलं ते मला जरूर कळवा. आणि 'रा'वरच असेल तर मेक्सिकोच्या बाईंनाही सांगा की त्या हसल्या ते चुकीला नव्हे, ब्युनोस आयर्सच्या बोलीला हसल्या. ते गृहस्थ वर्गात असतानाच सांगा.